कर्नल वरच्या अ‍ॅड्रेसवर नेताना: एक्स८६-६४ चं बूट

एक्स८६-६४ वर (६४ बिटचे इंटेल-एएमडी प्रोसेसर) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालवायचा असतो अ‍ॅड्रेस स्पेसच्या अगदी शेवटच्या २ जीबीमध्ये, पण बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम) त्याला रॅममध्ये बहुधा १ एमबीच्या आसपास ठेवतो. म्हणून सुरुवातीचा ३२ बिट कोड आणि पेज टेबल (व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस फिजिकल अ‍ॅड्रेसशी जोडणारी टेबलं) वेगळ्या सेक्शनमध्ये, खालच्या अ‍ॅड्रेसवरच लिंक करा. बाकी कर्नलला लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता भाग कुठल्या अ‍ॅड्रेसवर, हे लिंकरला सांगणारी फाइल) वरचा व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस द्या आणि लोड अ‍ॅड्रेस खालचा ठेवा. कंपायलरचं कोड मॉडेल (कोड कुठल्या अ‍ॅड्रेसवर असेल याचं गृहीतक) 'कर्नल' हवं. नाहीतर लिंकर 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट' (अ‍ॅड्रेस दिलेल्या जागेत मावत नाही) म्हणून अडतो.

४०९६ बाइटची, तितक्याच अलाइनमेंटची तीन टेबलं पुरतात: पीएमएल४, पीडीपीटी, पीडी (पेज टेबलच्या वरून खाली अशा पातळ्या). आधी तिन्हींत शून्य भरा, कारण नोंद ८ बाइटची असते आणि ३२ बिट कोड तिचा खालचा अर्धा भागच लिहितो. पीडीमध्ये २ एमबीची ५१२ पेजेस भरा (बिट ० 'हजर', १ 'लिहिता येतं' आणि ७ 'मोठं पेज' चालू), म्हणजे पहिला १ जीबी मॅप होतो. पीडीपीटीच्या ० आणि ५१० या नोंदी त्याच पीडीकडे वळवा, पीएमएल४ च्या ० आणि ५११ त्याच पीडीपीटीकडे. आता तीच रॅम खालूनही दिसते आणि वरूनही.

मग प्रोसेसरच्या नियंत्रण रजिस्टरांपैकी सीआर३ मध्ये पीएमएल४ चा फिजिकल अ‍ॅड्रेस, भरा; सीआर४ चा बिट ५ (पीएई), ईएफईआर रजिस्टरचा बिट ८ (६४ बिटचा लाँग मोड) आणि शेवटी सीआर० चा बिट ३१ (पेजिंग) चालू करा. जीडीटी (सेगमेंटचं टेबल) लोड करून 'फार जंप' (कोड सेगमेंटही बदलणारी उडी) घ्या, पण खालच्याच ६४ बिट लेबलवर. ३२ बिटच्या फार जंपमध्ये वरचा अ‍ॅड्रेस मावत नाही. तिथे पोचल्यावर पूर्ण ६४ बिट अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये घ्या आणि रजिस्टरमधूनच उडी मारा.

खालचं मॅपिंग काढायची घाई मात्र करू नका. ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच पुन्हा चुका होऊन मशीन रीसेट होणं) इथे सहज होतो. आधी स्टॅक पॉइंटर वर न्या, जीडीटी वरच्या बेसने पुन्हा लोड करा, बूटलोडरने दिलेल्या माहितीच्या पॉइंटरमध्ये ऑफसेट (वरच्या आणि खालच्या अ‍ॅड्रेसमधला फरक) मिळवा. त्यानंतरच पीएमएल४ ची नोंद ० पुसून सीआर३ पुन्हा लिहा. पेजेसना ग्लोबल बिट लावला असेल आणि सीआर४ मध्ये ती सोय चालू असेल, तर सीआर३ लिहूनही जुन्या नोंदी टीएलबीत (प्रोसेसरच्या पेज नोंदींच्या कॅशमध्ये) राहतात. बूटच्या टेबलांत तो बिट नकोच.

४ जीबीपलीकडची रॅम मोजताना बेस आणि लांबी दोन्ही ६४ बिटच्या अनसाइन्ड टाइपमध्येच ठेवा. एका ठिकाणी जरी ३२ बिटचा टाइप राहिला, तरी ५ जीबीचा अ‍ॅड्रेस गुपचूप १ जीबीचा होतो आणि अ‍ॅलोकेटर वापरात असलेली पेजेस पुन्हा वाटू लागतो.