खुडूक कोंबडी रवणीला कशी बसवावी

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे रवणीला (अंडी उबवायला) बसण्याच्या तयारीत आली, हे ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. ती अंडी देणे थांबवते, घरट्यातून उठत नाही, हात पुढे केला की पिसे फुलवून खुडखुडते, आणि दिवसातून एकदाच बाहेर येऊन नेहमीपेक्षा कितीतरी मोठी व उग्र वासाची विष्ठा टाकते. सलग दोन रात्री ती दांडीवर न चढता घरट्यातच राहिली, तरच तिच्यावर विश्वास ठेवावा. कोंबडी गावठीच असावी; गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची अंडीही गावठी कोंबडीखालीच घालावी लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी येते आणि पिल्ले गारठून मरतात, त्यामुळे मी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करते.

अंडी ज्यांच्यात कोंबडा फिरतो अशा आपल्याच कोंबड्यांची, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली आणि फ्रीजबाहेर ठेवलेली असावीत. दुकानातली पांढरी अंडी उबवून पाहू नयेत, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. मध्यम अंगाच्या कोंबडीला नऊ ते अकरा अंडी पुरतात. विषम संख्या घालण्याची आमच्याकडे रीत आहे. तिने फायदा होत नाही आणि नुकसानही होत नाही. टोपलीत तळाशी चुलीची कोरडी राख, तिच्यावर निरगुडीचा थोडा पाला आणि वर पेंढा घातला की घरटे तयार होते.

या सगळ्या खटाटोपात मला सर्वाधिक मनस्ताप कोंबडीची जागा बदलण्याने दिला आहे. “ती जिथे बसली आहे तिथेच बसू द्या, कोंबडीला तुमच्यापेक्षा जास्त कळते,” असा सल्ला देणारे प्रत्येक वाडीत भेटतात. पहिल्या वर्षी मी तो ऐकला. खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्यांनाही तीच जागा आवडत असल्यामुळे त्या रोज येऊन तिच्या शेजारी अंडे घालत आणि खुडूक कोंबडी ते निमूटपणे पोटाखाली ओढून घेत असे. मी नऊ अंडी घातली होती. एकविसाव्या दिवशी मोजली तेव्हा चौदा भरली. सहा पिल्ले निघाली, आणि ती चालायला लागताच आई त्यांना घेऊन उठली ती पुन्हा बसलीच नाही. मागे राहिलेली अंडी नंतर फोडली, तेव्हा एकात नुसत्या लाल शिरा होत्या, तर दुसऱ्यात अंगावर पिसे फुटलेले, चार-पाच दिवसांत बाहेर आले असते असे पिल्लू होते.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा करून भर दुपारी कोंबडी उचलली आणि अकरा अंड्यांसह पडवीत आणून ठेवली. तासाभराने पाहते तो पडवीतली टोपली रिकामी, अंडी गार, आणि ही बाई खुराड्यातल्या जुन्या कोपऱ्यात उघड्या जमिनीवर, पोटाखाली एकही अंडे नसताना, पंख पसरून बसलेली! कोंबडी अंड्यांपेक्षा जागेला चिकटते, ही गोष्ट मला त्या दुपारी कळली, आणि पुढची सगळी रीत त्यावरच बेतलेली आहे.

जागा रात्रीच बदलावी, पूर्ण काळोख पडल्यावर, आणि विजेरीचा झोत तिच्या डोळ्यांवर पडू देऊ नये. नव्या टोपलीत उबवायची अंडी आधी मुळीच घालू नयेत. अंड्याच्या आकाराचे तीन-चार गुळगुळीत दगड किंवा गमावली तरी चालतील अशी अंडी ठेवावीत. दोन्ही हात तिच्या अंगाखाली घालून पंख दाबून धरावेत आणि उचलण्यापूर्वी पंखांत अंडे अडकलेले नाही ना, हे बोटांनी चाचपावे. तिला टोपलीच्या कडेशी टेकवावे, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी आत सरकते. वरून सोडली तर बिथरते. मग डालगे, म्हणजे कामट्यांची मोठी टोपली, वरून उपडे घालून त्यावर गोणपाट टाकावे आणि दुसरा संपूर्ण दिवस तो काळोख तसाच ठेवावा, फक्त वारा खेळण्यापुरती फट राहू द्यावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्यासाठी सोडावे, परंतु त्याआधी खुराड्यातली जुनी जागा दगड किंवा पाटी ठेवून बंद करावी. हे मला कोणीही सांगितले नव्हते. ती धावत तिकडेच जाते, घुटमळते, जागा न मिळाल्याने ओरडते. तेव्हा तिला शांतपणे उचलून पुन्हा टोपलीत आणावे. तिसऱ्या रात्री ती दगडांवर घट्ट बसलेली दिसली, की दगड काढून खरी अंडी सगळी एकाच वेळी घालावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. इतके करूनही ती बसत नसेल, तर हट्ट सोडून दुसऱ्या कोंबडीची वाट पाहावी. डालग्याभोवती बारीक जाळी अवश्य गुंडाळावी, कारण कामट्यांच्या फटींतून धामण सहज आत शिरते.

त्यानंतर रोज एकदा दाणा, पाणी आणि थोडी मोकळीक. सातव्या रात्री अंड्यामागे विजेरी धरून पाहावे: लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवावे, स्वच्छ दिसले तर काढावे. शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावू नये. कवचाला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज जातात. तेवढ्यात नखाने कवच सोलून मदत करणारे लोक रक्तवाहिन्या फाडतात आणि मग नशिबाला दोष देतात. पोटात ओढलेला बलक पिल्लाला दोन दिवस पुरतो, म्हणून आई स्वतः उठेपर्यंत खाण्याची चिंता करू नये.

पाणी उथळ ताटलीत खडे घालून द्यावे, नाहीतर पिल्ले बुडतात. नुसत्या कणीवर ती खुरटतात. पहिला महिना पिल्लांचे तयार खाद्य द्यावे, किंवा शेणात ओला पेंढा कालवून मडक्यात भरावा, ते मडके वारुळाजवळ रात्रभर उपडे ठेवावे आणि सकाळी चढलेली वाळवी त्यांच्यापुढे झटकावी. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस थेंबांनी द्यावी. एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरते, तेव्हा शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे आणि ती बर्फात ठेवूनच आणावी. घार, कावळा आणि मुंगूस यांच्यामुळे पहिले दोन आठवडे पिल्ले आईसह डालग्याखालीच बरी.

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी आई त्यांना चोच मारून दूर करू लागते. त्यानंतरही तिन्हीसांजा झाल्या की पिल्ले पडवीत, जिथे डालगे असायचे त्या जागी, गोळा होऊन बसतात, आणि तिथून एकेक उचलून खुराड्यात नेण्याचे काम पुढचा आठवडाभर आपल्यालाच करावे लागते.