अ‍ॅप करण्याआधी रेशनच्या रांगेत उभे राहा

दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. एनएसएसचा, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा, फॉर्म भरताना माझ्या डोक्यात एवढाच हिशेब होता, शिवाय प्रमाणपत्र. तुम्ही आत्ता कम्प्युटरला प्रवेश घेतला असेल तर एवढंच सांगेन, ते सात दिवस चुकवू नका.

आमचं शिबिर नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात होतं. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण. चौथ्या दिवशी मी रेशन दुकानात थांबले. एका आजींचा थंब मशीनवर लागेना. त्यांनी अंगठा पदराला पुसला, मग ओला करून लावला, मग केसांवरून घासून लावला. "दुसरं बोट लावा आजी," दुकानदार म्हणाले. दहाही बोटं झाली. कांदा लावण्यात आणि काढण्यात जन्म गेलेला, रेषाच झिजलेल्या. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जाणार आणि मुलगा सिन्नरला कंपनीत. आजींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि ओट्यावर बसल्या.

वर्गात आपण याला 'एरर' म्हणतो. इथे ती एरर म्हणजे अंत्योदय कार्डावरचं 35 किलो धान्य होतं.

रात्री मोबाइलवर शोधत बसले. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अपवाद म्हणून नोंद करून द्यायचं, असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. सकाळी सरांना घेऊन दुकानात गेलो. वहीत नोंद झाली, आजींना धान्य मिळालं. कोडची एक ओळसुद्धा लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात आमच्या हातून चूक झाली. सर्वेक्षणाच्या गूगल फॉर्ममध्ये आम्ही आधार क्रमांक, मोबाइल, घरातले आजार, सगळं विचारलं होतं. शीट ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडत होती. एका सीनियर ताईने विचारलं, "आधार नंबरचं करणार काय तुम्ही?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते रकाने आम्ही तिथेच काढून टाकले, पण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती दोन दिवस उघडी होती, हे मला अजून टोचतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं, आणि ते प्रकरण आधारवरूनच उभं राहिलं होतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही संमतीने घ्यायची माहिती गरजेपुरतीच ठेवतो.

म्हणून फॉर्म करताना प्रत्येक रकान्यापुढे त्याचं काय करणार ते लिहा. लिहिता आलं नाही तर रकाना खोडा. संमती मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, नुसती टिक घेऊ नका. माहिती कधी पुसणार ती तारीख आधीच ठरवा. ओटीपी मात्र कुणाचाच मागू नका, मदत म्हणूनसुद्धा.

यंदा ज्युनिअर मुलींनी त्यांचा फॉर्म दाखवायला आणला. त्यात जन्मतारीख होती. कशाला, म्हणून विचारलं. जरा थांबून एक म्हणाली, "साठीच्या वरचे किती, एवढंच हवंय." तिने रकाना खोडून तिथे वयोगट लिहिला.