चलनांची यादी देणारा एपीआय: डॉक्युमेंटेशन लिहायला बसण्याआधी

नव्या टेक्निकल रायटरच्या हातात सुरुवातीला मुद्दाम लहानसा एंडपॉइंट डॉक्युमेंट करायला देतात. (एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय, एंडपॉइंट म्हणजे त्यातला एक पत्ता.) हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये तो चलनांच्या यादीचा असू शकतो. एक गेट रिक्वेस्ट (माहिती मागणारा कॉल), उत्तरात जेसन या मजकुराच्या फॉरमॅटमधली यादी, संपलं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला वाटतं, जेवणाआधी उरकेल. पण याच डॉक्युमेंटेशनच्या पानाच्या भरवशावर दुसरीकडे कोणीतरी पाहुण्याच्या कार्डावरून पैसे कापणारा कोड लिहीत असतो.

सगळ्यात आधी यादी कशाची ते ठरवून घ्या. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे उतरतात असं जळगावातलं एखादं हॉटेल धरा. त्याचे हिशेब रुपयांत. वेबसाइटवर दर येन किंवा युरोत दाखवता येतो. पेमेंट गेटवे मात्र मोजक्याच चलनांत पैसे घेतो. म्हणजे तीन वेगळ्या याद्या झाल्या, आणि तुमचा एंडपॉइंट यातली एकच देतो. कोणती, हे डेव्हलपरला विचारा आणि पानाच्या पहिल्या ओळीत लिहा. उदाहरणार्थ (प्रॉपर्टी म्हणजे एक हॉटेल): ‘या प्रॉपर्टीच्या बुकिंगवर दर लावण्यासाठी चालणारी चलनं. पेमेंट गेटवे यातलं प्रत्येक चलन स्वीकारेलच असं नाही. विनिमय दर इथे मिळत नाहीत.’ यादी सगळ्या अकाउंटला लागू आहे की प्रॉपर्टी आयडीप्रमाणे बदलते, तेही तिथेच सांगा.

मग सँडबॉक्सची, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सिस्टीमची, की (प्रवेशाचा गुप्त कोड) मागून घ्या आणि पोस्टमन किंवा कर्ल या एपीआयला कॉल करायच्या साधनांनी स्वतः कॉल करा. आलेलं उत्तर जसंच्या तसं सेव्ह करा. स्पेसिफिकेशनची फाइल (एपीआय कसा चालावा याचं लेखी वर्णन) आणि खरं उत्तर यांत फरक निघतोच. कुठे फील्डचं नाव वेगळं, तर कुठे ‘कायम येतं’ म्हटलेलं फील्ड नल, म्हणजे रिकामं. फरक दिसला की डेव्हलपरला दाखवा, मनाने दुरुस्त करू नका.

आता फील्ड. चलनाचा कोड आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तीन कॅपिटल अक्षरांचा असतो: रुपयाचा आयएनआर, येनचा जेपीवाय. त्याच मानकात तीन अंकी कोडही आहे, रुपयाचा ३५६. हा अंकी कोड देत असाल तर टाइप स्ट्रिंग (मजकूर) हवा. बहरीनी दिनाराचा ०४८ आणि ऑस्ट्रेलियन डॉलरचा ०३६ नंबर म्हणून साठवला की पुढचं शून्य गळतं आणि समोरच्या सिस्टीमला कोड ओळखू येत नाही.

खरा घोळ दशांश स्थळांचा. रुपयाला दोन, येनला शून्य, कुवेती, बहरीनी दिनार आणि ओमानी रियालला तीन. बरेच एपीआय रक्कम सर्वांत लहान एककात मागतात. १२,५०० येनची खोली असेल तर १२५०० पाठवायचे. सवयीने शंभरने गुणलं तर पाहुण्याला शंभरपट बिल. दिनारात उलटं होतं: १८.२५० कुवेती दिनार म्हणजे १८२५० फिल्स (दिनाराचा हजारावा भाग), पण शंभरने गुणून १८२५ पाठवले तर हॉटेलला १.८२५ दिनारच मिळतात. हे उदाहरण आकड्यांसकट पानावर टाका. ‘दशांश स्थळांची संख्या’ एवढ्या वर्णनाने कोणी सावध होत नाही.

काउंटरवर रुपयाखालचे सुटे पैसे कोणी मोजत नाही म्हणून रुपयाला शून्य दशांश लिहिणारेही असतात. २,४५० रुपयांच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी १२२.५० होतो, सीजीएसटी आणि एसजीएसटीत तो ६१.२५-६१.२५ असा वाटला जातो. शेवटी बिल २,५७३ वर आणणारी ‘राउंड ऑफ’ची ओळ वेगळी असते. ती बिलिंगची गोष्ट, चलनाच्या यादीची नाही.

चिन्हावर विसंबू नका, असं स्पष्ट लिहा. डॉलरचं चिन्ह अमेरिका, कॅनडा, सिंगापूर सगळीकडे चालतं. येन आणि युआनचंही एकच. ओळख फक्त कोडवरून.

पूर्ण यादी डॉक्युमेंटमध्ये चिकटवायचा मोह होईल. करू नका, ती शिळी होते. क्रोएशियाचा कुना २०२३ च्या १ जानेवारीला गेला, बल्गेरियाचा लेव २०२६ च्या १ जानेवारीला. दोन्हीकडे युरो आला. ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन लिहिण्याची ठरलेली पद्धत) फाइलमध्ये कोड इनम, म्हणजे मूल्यांची बंद यादी, म्हणून बांधले तर आणखी पंचाईत: त्यावरून तयार झालेली क्लायंट लायब्ररी (एपीआय वापरणाऱ्याचा तयार कोड) इनममध्ये नसलेला कोड आला की एरर देऊ शकते. स्ट्रिंग ठेवा, तीन अक्षरांचा पॅटर्न द्या, नमुन्याला चार चलनं पुरतात: रुपया, येन, कुवेती दिनार आणि एक बंद झालेलं. बंद झालेलं यासाठी की २०२२ चं बुकिंग कुनातच राहणार. असं चलन यादीतून गायब होतं की ‘अॅक्टिव्ह: फॉल्स’ होऊन येतं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. (मूळ मानकात सोन्यालाही कोड आहे, एक्सएयू. सराफ बाजाराच्या गावात कोणी विचारलंच तर: हॉटेलच्या यादीत तो नसतो.)

एरर थोडक्यात आटपा: की चुकली तर ४०१, परवानगी नसेल तर ४०३, प्रॉपर्टी सापडली नाही तर ४०४, फार कॉल झाले तर ४२९. प्रत्येक एकदा स्वतः घडवून पाहा. एकही चलन चालू नसेल तर २०० (यशस्वी) आणि रिकामी यादी येते का, हे तपासून लिहा. उत्तर किती वेळ कॅश करावं (साठवून पुन्हा वापरावं) तेही सांगा. दर बुकिंगला ही यादी पुन्हा मागवण्यात अर्थ नाही.

हल्ली हाच एंडपॉइंट एआय असिस्टंटला टूल, म्हणजे गरज पडली की बोलावता येणारं साधन, म्हणून दिला जातो. तिथे टूलचं वर्णन मॉडेल वाचतं, त्यामुळे केव्हा वापरू नये हेही त्यात हवं: ‘आजचा डॉलरचा भाव’ विचारल्यावर हे टूल बोलावलं जाऊ नये. फक्त वाचतं, काही बदलत नाही, हेही नोंदवा.

नोकरीसाठी सॅम्पल हवं असेल तर असा एक काल्पनिक एंडपॉइंट मार्कडाउनमध्ये लिहून गिटहबवर ठेवा. दोन पानं पुरे. एपीआय न पाहिलेल्या मित्राला ते द्या आणि गप्प बसून बघा. तो तुम्हाला जे विचारेल, ते पानावर राहून गेलेलं असतं. शेवटी चेंजलॉगची (बदलांच्या यादीची) एक नोंद जोडा: तारीख, कोणतं चलन आलं किंवा बंद झालं, जुन्या बुकिंगचं काय होणार.