भेंडी टोकण्याआधी बाजार ठरवा

झोडणी उरकली, खाचरात अजून ओल आहे. मुरबाड-शहापूरकडे आता भेंडी टोकायची लगबग सुरू होईल. बियाणे कोणते आणायचे हा प्रश्न दरवर्षी पहिला येतो. निर्यातीचा विचार असेल तर यंदा त्याआधी एक प्रश्न विचारा: माल जाणार कुठे? दुबईला, लंडनला की युरोपला? फवारणीचे सगळे गणित त्या उत्तरावर बसते. अर्ध्या हंगामात बाजार बदलला, तर मारलेले औषध शेंगेतून परत काढता येत नाही.

गावात एक बोलणे हमखास ऐकू येते: "आता करार झालेत, ड्युटी गेली, माल सरळ जातो." अमिरातीशी आपला करार 1 मे 2022 पासून लागू आहे, ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये सह्या झाल्या. पण असे करार मुख्यतः आयात शुल्क कमी करतात. कीड आणि औषधाचे अंश हा दरवाजा वेगळा. जागतिक व्यापार संघटनेचा 1995 पासूनचा अन्नसुरक्षा आणि वनस्पती आरोग्याचा करार प्रत्येक देशाला, शास्त्रीय आधार असेल तर, स्वतःची कडक मर्यादा ठेवू देतो. त्यामुळे शून्य शुल्काची भेंडीसुद्धा या दारात अडकते.

युरोपचे दार सगळ्यांत अरुंद. युरोपीय संघाच्या 27 देशांचा बाजार एक, नियम एक. एका बंदरात माल पास झाला की पुढे कुठेही फिरतो, आणि एका ठिकाणी दोष सापडला की तोही सगळ्यांना कळतो. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे दहा टन भेंडीत ग्रॅमचा दहावा भाग! शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवाराही तेवढ्याला पुरतो, म्हणून बांधालगतच्या ओळींचा तोडा वेगळा ठेवा. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची गतही 2020 पासून हीच आहे. युरोपसाठी ते घरातही आणू नका. भारतीय भेंडीवर तिथे जादा तपासणी असते, तेव्हा नशिबावर सोडण्यात अर्थ नाही. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर 2021 पासून त्याची यादी निराळी झाली. एकच प्लॉट दोन्हीकडे द्यायचा तर प्रत्येक औषधासाठी दोन्हींपैकी कडक मर्यादा धरून चाला.

किडीने काय होते ते 2014 साली पाहिले आहे. आदल्या वर्षी भारताच्या 207 खेपांत कीड सापडली आणि 1 मे 2014 पासून युरोपने हापूससकट सगळा आंबा बंद केला. त्याच यादीत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होते. आंब्याच्या गलक्यात भाजीवाल्यांचे रडगाणे कुणी फारसे ऐकले नाही. आंब्याची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना त्याहून जास्त थांबावे लागले.

शेतावर करायचे ते असे. केवडा (पिवळ्या शिरांचा रोग) पांढरी माशी पसरवते, त्यामुळे रोगट झाड दिसताच उपटून पुरा आणि पिवळे चिकट सापळे सुरुवातीपासून लावा. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणि 5 टक्के निंबोळी अर्क. त्याने भागले नाही तरच रासायनिक औषध, तेही भेंडीसाठी शिफारस केलेले. लेबलवर फवारणी ते तोडा यांतले दिवस छापलेले असतात ते पाळा, आणि युरोपसाठी तेवढे दिवस पुरतील का हे औषध घेण्याआधीच निर्यातदाराला विचारा. मोनोक्रोटोफॉस भाजीवर आपल्याकडेच बंद आहे, दुकानदार काहीही म्हणो.

शेताची अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) हॉर्टिनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदणी तालुका कृषी कार्यालयातून होते. ती तोडा सुरू होण्याआधी करून घ्या, गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नका. फवारणीची वही त्याच दिवशी भरा. महिन्याने आठवून लिहिलेली वही तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. नमुना प्रयोगशाळेत पहिल्या निर्यात तोड्याच्या आधीच जाऊ द्या.

तोडा एक दिवसाआड, सकाळी, सुती मोजे घालून. शेंग कोवळी, सरळ आणि लव शाबूत हवी. क्रेट उन्हात ठेवू नका. जाड झालेली, वाकडी शेंग वेगळी काढून कल्याण किंवा वाशीच्या बाजारात पाठवा, आणि दराची बोलणी करताना त्या मालाचाही हिशोब धरा, कारण निर्यातदार पैसे फक्त निवडलेल्या शेंगांचे देतो.