दरवर्षी कपात करणाऱ्या कंपनीत रुजू होताना

नव्याने आलेली मुलं बहुतेक एकच प्रश्न विचारतात, "आपला नंबर लागू नये म्हणून काय करायचं?" अमेरिकेतल्या सिएटल-बेलव्ह्यूच्या पट्ट्यात एका मोठ्या टेक कंपनीत मी बरीच वर्षं आहे, आणि माझं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही. नंबर लागणं-न लागणं तुमच्या हातात फार थोडं असतं. लागला तर पुढचे दोन महिने कसे जातील, हे मात्र बरंचसं आजच ठरवता येतं.

कंपनी बुडायला लागली की माणसं काढते, हा आपल्या डोक्यातला जुना हिशेब आधी बाजूला ठेवा. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये १०,००० जणांची कपात जाहीर केली, मे २०२५ मध्ये सुमारे ६,००० आणि जुलैमध्ये सुमारे ९,००० जणांची. तरीही जून २०२४ अखेर तिच्याकडे जवळपास २,२८,००० माणसं होती आणि जून २०२५ अखेरही तेवढीच. म्हणजे एकीकडे काढणं आणि दुसरीकडे घेणं, दोन्ही चालूच. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये १४,००० आणि जानेवारी २०२६ मध्ये आणखी १६,००० जागा कमी करत असल्याचं सांगितलं. करोनाच्या काळात केलेली बेसुमार भरती आणि २०२२ पासून महागलेलं कर्ज ही सुरुवातीची कारणं. आता एआयच्या डेटा सेंटरांना लागणारा प्रचंड पैसाही कुठून तरी काढावा लागतो, आणि पगाराचा रकाना सगळ्यात आधी नजरेत भरतो.

याद्या साधारण अशा बनतात: वरून एक आकडा येतो आणि विभागांमध्ये वाटला जातो. एखादं प्रॉडक्टच गुंडाळलं तर त्यातले उत्तम रेटिंगवालेही जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुमच्या थेट मॅनेजरला पुष्कळदा आदल्या दिवशी कळतं, कधी तर तुमच्याबरोबरच. म्हणून "माझं नाव नाही ना?" असं त्याला विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा टीम निवडताना विचारा, की हे काम उद्या थांबलं तर पहिला फोन कोण करेल? पैसे देणारा गिऱ्हाईक फोन करणार असेल तर बरं. एखाद्या व्हाइस प्रेसिडेंटच्या हौसेवर टीम उभी असेल, तर तो गेला की टीमचेही वासे फिरतात.

कपातीच्या दिवसाबद्दल सगळे बोलतात. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही, आणि नव्या माणसाचा खरा कस तिथे लागतो. एका फेरीनंतर आमच्याकडे शेजारच्या टीमची बिलिंगची एक जुनी सर्व्हिस आली. महिन्याच्या एक तारखेला रात्री तिच्या बिघाडाचा पेजर हटकून वाजायचा. रनबुक, म्हणजे बिघाड झाला तर काय करायचं ते लिहिलेली वही, उघडलं तर त्यात एकच ओळ होती, की अलर्ट आला तर अमक्याला विचारा. आणि तो अमका गेलेल्यांत. आठ जणांचं ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाड बघायची पाळी, पाच जणांवर आलं, पण तिमाहीची उद्दिष्टं होती तेवढीच राहिली.

अशा वेळी नवखी मुलं घाबरून सगळं अंगावर घेतात. एखादी बेवारस सर्व्हिस जरूर घ्या. तिचा कोड वाचा आणि रनबुक नीट लिहा, त्याने वर्षभरात जेवढं शिकाल तेवढं एरवी तीन वर्षांत शिकणार नाही. पण घेताना मॅनेजरला लेखी विचारा: "हे घेतलं तर माझ्याकडचं काय मागे टाकू?" उत्तर आलं नाही तरी प्रश्न नोंदीला राहतो. रात्री बारापर्यंत बसलं म्हणजे यादीतून नाव निघतं, अशी एक भाबडी समजूत आहे. याद्या बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तुम्ही किती वाजता लॉग-आउट करता हे माहीतही नसतं.

आता व्हिसा, कारण आपल्यातले बहुतेक जण एच-१बी या नोकरीला बांधलेल्या व्हिसावर असतात. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. आय-९४, म्हणजे देशात राहायच्या परवानगीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढीच. हे दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर मोजले जातात. त्यामुळे निरोपाच्या ईमेलमध्ये आधी एक तारीख शोधा: पगारपत्रकावरून नाव कधी निघतं? काही कंपन्या वॉर्न या मोठ्या कपातीबद्दलच्या कायद्यातल्या ६० दिवसांच्या नोटिशीपायी काम बंद करूनही तेवढे दिवस पगारावर ठेवतात, तेव्हा हातात खूप जास्त वेळ येतो. सेव्हरन्सची, म्हणजे काढताना मिळणाऱ्या भरपाईची, एकरकमी रक्कम मात्र मुदत वाढवत नाही. मुदतीच्या आत नव्या कंपनीने तुमच्या एच-१बीचा अर्ज दाखल करायला हवा, मंजुरी नंतर आली तरी चालते. त्या ६० दिवसांत भारतात चक्कर मारायची असेल तर आधी वकिलाला विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हापासून अर्जाच्या वेळी तुम्ही देशात आहात की बाहेर यालाही फार महत्त्व आलंय.

ग्रीन कार्डची प्रक्रिया "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ढकलू नका. कपात झाली की कंपनीला पुढचे सहा महिने पर्म, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या पायरीचा, अर्ज करताना त्याच भागातल्या, त्याच कामाच्या काढलेल्या लोकांचा आधी विचार करावा लागतो. त्या कटकटीपेक्षा कंपन्या पर्मच थांबवतात. गूगलने २०२३ मध्ये तेच केलं. त्यापुढचा कंपनीचा अर्ज, आय-१४०, एकदा मंजूर झाला, की कंपनीने तो नंतर मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, सहसा शाबूत राहते.

व्हिसाच्या मंजुरीची पत्रं, पे-स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), शेअरची स्टेटमेंटं स्वतःच्या खात्यात आधीच ठेवा. लॅपटॉप मिनिटभरात बंद होतो. फक्त स्वतःची कागदपत्रं, बरं का. कंपनीच्या कोडची एक ओळही नको.

पैशाचं थोडक्यात सांगतो. घरभाडं आणि गाडीचा हप्ता मूळ पगारातून निघाला पाहिजे. व्हेस्ट न झालेले आरएसयू, म्हणजे कंपनीने देऊ केलेले पण अजून तुमच्या नावावर न झालेले शेअर, सहसा शेवटच्या दिवशी उडून जातात. ॲमेझॉनची हे शेअर हातात देण्याची वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत होती पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि मग ४०-४०; म्हणजे ऑफर लेटरवरचा घसघशीत आकडा बराचसा तिसऱ्या-चौथ्या वर्षातला. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात हवा. कोब्रा कायद्यामधून कंपनीचा जुना आरोग्य विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हिस्साही तुमच्या अंगावर पडतो. बायको गरोदर असेल किंवा घरी कुणाचे उपचार चालू असतील, तर तो आकडा एचआरकडून आधीच विचारून घ्या. सेव्हरन्सच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. सही केली की कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडलात. म्हणून मुदत देतात, ती पुरती वापरा.

सांगली-नाशिककडच्या घरीही आधीच कल्पना देऊन ठेवा. आपल्याकडे नोकरी गेली म्हटलं की "नक्की काय केलंस?" इथून सुरुवात होते, आणि मुलं ते टाळायला महिनोन्‌महिने खोटं बोलत राहतात. कुठे कपात झाल्याची बातमी पेपरात आली, की त्याच दिवशी वडिलांना फोन करून हे सगळं कसं चालतं ते समजावा. स्वतःवर आल्यावर ते सांगणं फार जड जातं.

आणि बाजूच्या टेबलावरचा कुणी गेला तर त्याच आठवड्यात त्याला मेसेज करा. आठ-दहा दिवस गेले की आपल्यालाच अवघडायला होतं आणि मग राहूनच जातं. "काही लागलं तर सांग" असं लिहू नका, तो काहीच सांगणार नाही. "अमुक कंपनीत माझा मित्र आहे, त्यांच्याकडे जागा आहे, रेझ्युमे पाठव, आज रात्रीच रेफरल टाकायला सांगतो" असं लिहा.