लाकडी पॅकिंग पझल घरी बनवताय? या चुका टाळा

एक डबा आणि त्यात नेमके मावणारे ठोकळे, पॅकिंग पझल म्हणजे एवढंच. त्यामुळे घरात करवत, रंधा आणि गुण्या असलेल्या माणसाला वाटतं, एका रविवारचं काम आहे. रविवारी ते होतंही. मग कळतं की शेवटचा ठोकळा बसतच नाही, किंवा सगळे ठोकळे कसेही टाकले तरी बसतात. दोन्हींत कोडं वाया.

बऱ्याच वेळा यामागे मापाचा हट्ट असतो. ठोकळा २० मिलिमीटरचाच हवा म्हणून माणूस प्रत्येक ठोकळा वेगळा मोजतो, आणि म्हणूनच प्रत्येक ठोकळा वेगळा निघतो. सगळे १९.७ चे झाले तर काही बिघडत नाही. एक १९.७ आणि दुसरा २०.२ झाला की बिघडतं. महागड्या मशिनी नसल्या तरी हे साधता येतं.

वखारीतून पट्टी आणली आणि लगेच कापली

सोलापुरात ही चूक विशेष महागात पडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा ठणठणीत कोरडी असते. सप्टेंबरात पावसाने धरलं की तीच हवा दमट होते. लाकूड या हवेबरोबर आकसतं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. जे काही हलतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यामुळे आज घन असलेला ठोकळा चार महिन्यांनी घन राहत नाही, आणि डब्यात ठोकळे उभे-आडवे कसेही बसत असल्यामुळे एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीने भरून निघत नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, कोरड्या थंडीत, अगदी टाइट बसवलेला डबा सप्टेंबरात उघडेनासा होतो तो यामुळे.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. पट्ट्या हव्या त्यापेक्षा थोड्या जाड आणा. खोलीतच, एकमेकींमध्ये काड्या घालून रचून ठेवा. गच्चीवर उन्हात नको, टोकांना चिरा पडतात. टोकांना फेविकॉलचा हात दिला तर चिरा पडायचं प्रमाण आणखी कमी होतं. एक पट्टी दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून काढा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या खोलीला सरावलं. मगच अंतिम जाडीला रंधा मारा.

लाकूड कोणतं घ्यायचं? सागवान कमी हलतं, म्हणून पहिली पसंती त्याला. एखाद्या पडक्या वाड्याच्या तुळईचा तुकडा मिळाला तर सोनंच, पण आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर करवतीचे दात जातील. बाभूळ टणक आणि सुंदर असते, पण हाताच्या रंध्याखाली जीव काढते. पहिल्या कोड्यासाठी तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही.

प्रत्येक तुकडा टेपने मोजून कापला

टेपने मोजलं, पेन्सिलीने रेघ मारली, रेघेवर कापलं की दर खेपेला दोन-तीन दशांश मिलिमीटर इकडे तिकडे होणारच. एका ठोकळ्यात ते दिसत नाही, पण पाच ठोकळे ओळीत ठेवले की मिलिमीटरभर फरक पडतो. म्हणून टेप एकदाच वापरायचा. मायटर बॉक्समध्ये, म्हणजे करवत सरळ चालवण्यासाठी खाचा पाडलेल्या पेटीत, करवतीच्या खाचेपासून हव्या त्या अंतरावर अडसर म्हणून एक ठोकळा स्क्रूने पक्का करा. पट्टी त्याला टेकवायची आणि कापायची, परत टेकवायची आणि कापायची. एका मापाचे सगळे तुकडे एकाच बैठकीत, तो अडसर न हलवता कापून घ्या.

इथेही एक खोड आहे. कापताना पडणारा भुसा अडसराच्या बुडाशी साचतो, पट्टी भुशावर टेकते आणि पुढचा तुकडा आखूड निघतो. सुरुवातीचे तुकडे बरोबर आणि नंतरचे लहान, असं दिसलं की कारण हेच. अडसराची खालची कड पटाशीने तिरकी काढून टाका, भुसा तिथे शिरतो आणि पट्टी वर स्वच्छ टेकते. तरी दर वेळी फुंकर मारायची सवय ठेवावी.

काटकोनाचंही तसंच. छेद एक अंशाने तिरका गेला तर २० मिलिमीटरमध्ये सुमारे ०.३५ मिलिमीटरचा फरक येतो. गुण्या लावून दिसलं नाही तर दोन तुकडे कापलेल्या बाजूंनी एकमेकांना भिडवा, उजेडासमोर धरा, मग त्यातला एक अर्धा फेरा फिरवून पुन्हा धरा. चूक दुप्पट होऊन फट स्पष्ट दिसते.

"थोडं मोठं राहिलं तर काय बिघडतं?"

काय बिघडतं ते हॉफमनच्या कोड्यात स्पष्ट कळतं. डीन हॉफमन या गणितज्ञाने हे कोडं १९७८ मध्ये मांडलं. २७ सारखे ठोकळे, तिन्ही बाजू वेगळ्या, आणि डब्याची प्रत्येक बाजू त्या तिन्हींच्या बेरजेइतकी. नेहमीची मापं १८, २० आणि २२ मिलिमीटर, म्हणजे डबा आतून ६० चा. फिरवलेल्या आणि आरशातल्या मांडण्या सोडल्या तर २१ उत्तरं आहेत. एका पट्टीतून होणारं काम आहे, म्हणून घरी करायला मला हे फार आवडतं: १८ बाय २० ची पट्टी घ्या आणि २२-२२ वर कापत जा. २७ तुकड्यांना ५९४ मिलिमीटर लागतात, पण करवतीचं पातं दर छेदाला दीड-दोन मिलिमीटर खातं, म्हणून पट्टी ७० सेंटिमीटरची घ्या.

आता हिशोब बघा. डब्याचं घनफळ २,१६,००० घन मिलिमीटर, सगळ्या ठोकळ्यांचं मिळून २,१३,८४०. मोकळी जागा फक्त एक टक्का. प्रत्येक ठोकळा प्रत्येक बाजूने नुसता ०.१ मिलिमीटर मोठा झाला तर एकूण घनफळ २,१७,००० च्या वर जातं. म्हणजे उत्तर माहीत असूनही ठोकळे ६० च्या डब्यात मावणारच नाहीत, कारण तेवढी जागाच नाही.

बरं, मग डबा ऐसपैस करावा? तेही नाही. डबा ६२ झाला की १८+२२+२२ ही ओळ बसते, २०+२०+२२ सुद्धा बसते, आणि चोरवाटा उघडतात. ठोकळे आधी करा, १८-२०-२२ अशा बाजूंची ओळ लावून खरी बेरीज मोजा आणि डबा त्याहून अर्धा मिलिमीटर मोठा ठेवा. मापं बदलायची असतील तर एक नियम पाळा: सगळ्यात लहान बाजू तिन्हींच्या बेरजेच्या चौथ्या भागाहून मोठी हवी, नाहीतर एका ओळीत चार ठोकळे घुसतात.

यावरून पुढची चूक ओघानेच येते, ती म्हणजे आधी डबा करणं. हौशी माणूस डब्यापासून सुरुवात करतो, कारण डबा दिसायला छान. मग आयुष्यभर ठोकळे घासत बसतो. कोडं कोणतंही असो, ठोकळे रचून, त्यांच्याभोवती एक जाड कागद गुंडाळून त्यावरून डब्याच्या फळ्या कापाव्यात.

सोमा घन: फेविकॉल आडव्या तोंडाला

डेन्मार्कच्या पीट हाइन यांच्या सोमा घनात सात तुकडे असतात. २७ लहान घन चिकटवून ते बनवायचे आणि मग ३ बाय ३ बाय ३ चा घन रचायचा. त्याची २४० उत्तरं आहेत, म्हणून पोरांनाही जमतं. बहुतेक जण २७ घन कापतात आणि जसे हाती येतील तसे चिकटवतात. हातातून एकदा पडला की तुकडा मोडतो, आणि हमखास तिथेच मोडतो जिथे करवतीने आडवं कापलेलं तोंड फेविकॉलने चिकटवलेलं असतं. ते तोंड फेविकॉल पिऊन टाकतं, सांधा कोरडा राहतो.

सातही तुकडे असे करता येतात की आडव्या तोंडाला फेविकॉल लावावाच लागत नाही. त्यासाठी २७ सुटे घन कापू नका. तिप्पट लांबीचे २, दुप्पट लांबीचे ६ आणि एकेरी ९ तुकडे कापा. एल आणि टी आकारांना प्रत्येकी एक तिप्पट व एक एकेरी. झेडला दोन दुप्पट, सरकवून शेजारी शेजारी. तीन घनांच्या छोट्या कोपऱ्याला एक दुप्पट, एक एकेरी. उरलेल्या तीन वळणदार तुकड्यांना प्रत्येकी एक दुप्पट आणि दोन एकेरी. चिकटवताना एकेरी घनाच्या रेषा लांब तुकड्याच्या रेषांना समांतर ठेवा, की सगळे सांधे कुशीला कूस लागून होतात. तसा सांधा ओढून तोडायला गेलात तर लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही.

त्या तीन वळणदार तुकड्यांपैकी दोन एकमेकांचे आरशातले जुळे आहेत, एक डावा आणि एक उजवा. चिकटवण्याच्या भरात दोन डावे होतात आणि मूळ कोडंच राहत नाही. आधी फेविकॉलशिवाय दोन्ही शेजारी ठेवा. एकासमोर आरसा धरला की त्यात दुसरा दिसला पाहिजे.

सागवानात तेल असतं, त्यामुळे रंधा मारल्याच्या दिवशीच चिकटवा. दोन फळ्या काटकोनात ठोकून एक कोपरा करा, त्याला आतून ब्राऊन टेप लावा आणि तुकडे त्यात दाबून ठेवा, म्हणजे ते सरकत नाहीत आणि कोपऱ्याला चिकटतही नाहीत. बाहेर आलेला फेविकॉल जेलीसारखा झाला की कापलेल्या स्ट्रॉने किंवा काडीने आतल्या कोपऱ्यातून उचलून घ्या. वाळला की तिथे टेंगूळ राहतं, शेजारचा तुकडा पूर्ण टेकत नाही, आणि दोष मापाचा आहे असं वाटत राहतं.

पॉलिश पेपर आणि पॉलिश

हातात पेपर धरून ठोकळा घासला की कडा गोल होतात आणि मधला भाग फुगीर राहतो. पेपर कडप्प्याच्या तुकड्यावर किंवा जाड काचेवर चिकटवा आणि ठोकळा त्यावर फिरवा. त्याहून बरं म्हणजे कापण्यापूर्वीच अख्खी पट्टी घासून घ्या, मग फक्त कापलेली तोंडं उरतात. कडा मात्र अर्धा मिलिमीटर तिरक्या माराव्यातच. धारदार कड हाताळून चुरगळते, आणि ठोकळे अडतात ते पुष्कळदा त्या चुरगळलेल्या कडेवरच.

मेलामाइन, लॅकर वगैरे ठोकळ्यांवर नको. दोन-तीन हातांत जाडी वाढते, आणि मे महिन्यात चकचकीत बाजू एकमेकींना धरून बसतात. मेण पुरे, किंवा जवसाच्या तेलाचा एक पातळ हात. तेल पुसलेली चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तरीही अडतंय?

नुसत्या अंदाजाने घासू नका, आधी कुठे अडतं ते शोधा. संशय असलेल्या ठोकळ्यावर मऊ पेन्सिल तिरकी धरून हलका रंग द्या, बसवा, काढा. जिथे पेन्सिल चकाकते तिथेच घासायचं, तेवढंच. पावसाळ्यात अडलं असेल तर घासूच नका. डबा दोन-चार दिवस कोरड्या कपाटात ठेवा. आज घासलेला ठोकळा मार्चमध्ये खुळखुळेल.

आणि शेवटचा ठोकळा बसताना फुस्स आवाज येऊन परत वर येत असेल तर तिथे अडलीय ती हवा. तळाच्या फळीला मधोमध बोट जाईल एवढं भोक पाडा. हवा निघून जाते, आणि रुतलेला ठोकळा खालून ढकलून काढता येतो.