गाव वसवणाऱ्या घराण्याचे स्मारक उभारताना

मल्हारराव होळकरांकडे १७३० च्या दशकात माळव्याचा कारभार आला आणि त्यानंतर दक्षिणेतून आलेली अनेक मराठी घराणी इंदूर, देपालपूर, सांवेर, महू या भागांत स्थिरावली. अशा घराण्याच्या नावाने गावात स्मारक उभारायचे ठरले, की वर्गणी गोळा करण्याची घाई होते. आधी मजकूर पक्का करावा, कारण दगडावर कोरलेले पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून वाचणार आहेत.

सुरुवात घरातल्या कागदांपासून करावी. सनदा, वतनपत्रे, विहिरीवरचा किंवा देवळावरचा शिलालेख, आणि उज्जैन, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. जुने कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. पुण्याचे पेशवे दफ्तर आणि सीतामऊचे नटनागर शोध संस्थान येथेही माळव्याची कागदपत्रे आहेत.

सर्वांत जास्त गोंधळ सनांचा होतो. मराठेशाहीतील कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७८. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीस, बदलतो. म्हणून त्यात ५९९ मिळवले की जून १७७७ येतो आणि पुढच्या जूनपर्यंतचा काळ १७७७-७८ ठरतो. शके असेल तर ७८ मिळवावेत; पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ लागतात. महिना कळत नसेल, तर शिलेवर एकच साल न कोरता दोन सालांची जोडी द्यावी.

मजकुरात ‘ओसाड रानात गाव वसवले’ असे सहज लिहिले जाते. महू-मानपूरकडे भिल्ल आणि भिलाला समाजांची वस्ती जुनी आहे, म्हणून कागदाचा आधार नसताना असे विधान करू नये. घराण्याबरोबर आलेले सुतार, लोहार, कुंभार यांचा उल्लेख असावा. वंशावळीत बहुतेक वेळा पुरुषांचीच नावे सापडतात. सासुरवाशिणी आणि लेकींची नावे घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून विचारून घ्यावीत, त्यांच्याइतकी खात्रीची माहिती क्वचितच कोठे मिळते. शिला मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत असावी, कारण आज त्या गावात राहणाऱ्या बहुतेकांची बोली हिंदीला जवळची माळवी आहे.

जागा पटवाऱ्याकडील खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, पाहून ठरवावी. चरनोईची, म्हणजे गुरे चरण्यासाठी राखलेली, जमीन निवडू नये आणि रस्त्याच्या कडेची जागाही टाळावी, कारण रुंदीकरणात पहिला घाव तिथेच पडतो. सार्वजनिक जागा असल्यास ग्रामसभेचा लेखी ठराव घ्यावा आणि आवश्यक ती परवानगी तहसील कार्यालयातून मिळवावी.

बांधकामात माळव्याच्या काळ्या मातीकडे दुर्लक्ष करू नये. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरचा चौथरा दोन-तीन ऋतूंतच तडकवते. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावा; माती फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. खड्डा त्याच मातीने न भरता मुरमाने भरावा, भोवती उतार दिलेली फरसबंदी करावी आणि पावसाचे पाणी चौथऱ्यापासून दूर काढावे. शिलेसाठी स्थानिक काळा दगड चांगला, मात्र अक्षरे खोल कोरलेली असावीत. नुसता रंग भरलेली अक्षरे उन्हात उडून जातात. धातूचा फलक चोरीस जाण्याची भीती असते.

कोरण्यापूर्वी मजकुराची कच्ची प्रत पंचायतीच्या फलकावर काही आठवडे लावून ठेवावी, म्हणजे नावांतील चुका आणि मतभेद तेथेच मिटतील. दरवर्षी पावसाळ्यानंतर भेगा आणि शेवाळ पाहण्याचे काम कोणाकडे आहे, हे ठरावातच लिहावे. आधाराला घेतलेल्या कागदांच्या छायाप्रती मोडी वाचनासह पंचायतीत आणि गावच्या शाळेत ठेवाव्यात.